भाकरीवरून तोंड फिरवणारं पिल्लू

भाद्रपद आणि कुत्री ही जोडी आता टवाळीपुरतीच उरली असली, तरी तिच्यामागचं निरीक्षण पक्कं आहे. आपल्याकडची गावठी कुत्री बहुतांशी पावसाळ्याच्या अखेरीस माजावर येतात आणि साधारण ६३ दिवस गाभण राहतात. कार्तिकाच्या आगेमागे नांदेड जिल्ह्यातल्या किनवटच्या बोळाबोळांतून, गोकुंद्याच्या वस्तीत, पैनगंगेच्या खोऱ्यातल्या तांड्यांवर आणि गुड्यांवर पिल्लांची वळवळ सुरू होते. मार्गशीर्ष-पौषात ती सहा ते दहा आठवड्यांची होतात. आईचं दूध तुटत आलेलं असतं, नाक प्रत्येक उकिरड्यात खुपसलेलं असतं आणि थंडी हाडात शिरायला लागलेली असते.

याच दिवसांत मराठवाड्यात दोन मोठे योग येतात. एक येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. लातूर आणि नांदेडच्या शेतांत भज्जी-आंबिलीच्या पंगती उठतात आणि उरलंसुरलं अर्थातच कुत्र्यांच्या पुढ्यात जातं. दुसरा योग माळेगावच्या यात्रेचा. लोहा तालुक्यातल्या या खंडोबाच्या यात्रेत घोड्या-गाढवांच्या बाजाराबरोबर श्वान प्रदर्शनही भरतं. लांब तोंडाचे, शिडशिडीत कारवानी कुत्रे घेऊन शौकीन येतात, गावोगावची कुत्री एकमेकांना हुंगतात, एखादं पिल्लू कुणाच्या तरी घोंगडीत बसून नव्या घरी जातं.

आणि चार-सहा दिवसांनी एके सकाळी ते पिल्लू दूध-भाकरीच्या थाळीपाशी येतं, हुंगतं आणि तोंड फिरवून कोपऱ्यात जाऊन बसतं.

घरातली माणसं मग मायेपोटी जे करतात, ते जवळपास सगळीकडे सारखंच असतं. आधी भाकरी बदलून पोळी. मग जास्त दूध. मग वर थोडं तूप. तरीही नाहीच, तर एकजण जबडा उघडतो आणि दुसरा चमच्याने घशात ओततो. थोड्याच वेळात सगळं बाहेर येतं. ‘अन्नावरची वासनाच उडाली याची’ असं म्हणून पिल्लू देवाच्या हवाली केलं जातं.

खरं तर वासना उडणं हा त्या आजाराचा केवळ निरोप असतो. पोटात कुठंतरी बिघाड झाला, की मेंदूला मळमळीचे संदेश जातात आणि भुकेचं दार बंद होतं. ते दार बाहेरून ढकलून उघडत नाही. आतला अडसर काढला, तर ते आपोआप उघडतं. म्हणून पिल्लाला खायला लावण्याचे प्रयत्न पहिल्या पायरीवर नसतात, शेवटच्या पायरीवर असतात. पाणी, ऊब, उलटी थांबणं आणि मग अन्न, असा तो क्रम आहे.

भुकेचं शास्त्र मुळात कुत्र्यांच्याच पोटावर लिहिलं गेलं, हा एक योगायोग. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह यांचं नाव घंटेच्या प्रयोगामुळे शाळेच्या पुस्तकांत पोहोचलं; पण त्यांना १९०४चं नोबेल मिळालं ते पचनक्रियेवरच्या कामासाठी. त्यांनी कुत्र्याच्या अन्ननलिकेला शस्त्रक्रियेने बाहेर वाट करून दिली. कुत्रा चवीने खायचा, घास मानेपाशीच बाहेर पडायचा, जठरात कणही जायचा नाही. तरीही जठरातून पाचकरस धो धो वाहायचा. अन्नाचा वास, चव आणि खाण्याची ओढ एवढ्यावरच पोट कामाला लागतं, हे त्यातून सिद्ध झालं. इतकं की हा रस गाळून अपचनाच्या रुग्णांना विकला जायचा आणि त्या पैशातून प्रयोगशाळेच्या खर्चाला हातभार लागायचा.

याचा उलटा धडा १९५५मध्ये अमेरिकेत जॉन गार्सिया यांनी दिला. उंदरांना गोड पाणी पाजलं आणि त्याच वेळी किरणोत्सर्गाने त्यांना आजारी पाडलं. पुढे ते उंदीर गोड पाण्याला शिवेनासे झाले. पोट ढवळत असताना जे तोंडात जातं, त्याचीच शिसारी बसते. मळमळणाऱ्या पिल्लाच्या घशात चमचा कोंबणारा माणूस त्याला हीच शिकवण देत असतो. पिल्लू बरं झाल्यावरही त्या चवीपासून लांब पळतं आणि घरच्यांना वाटतं, अजून आजार गेलेला नाही.

मळमळ ओळखता येते. पिल्लू ओठ चाटत राहतं, लाळ गिळतं, थाळीपाशी येऊन परत फिरतं, पाठ कमानीसारखी करून बसतं. नुसतं खोड्याळपणाने न खाणारं पिल्लू असं करत नाही. ते शेपटी हलवत शेजारच्या घरी जेवून आलेलं असतं.

आता बिघाड कुठला, हा प्रश्न. सर्वांत साधं कारण म्हणजे येळवशीच्या भज्जीसारखं तेला-मसाल्याचं अन्न. एक-दोन जुलाब होतात, दिवसभरात पिल्लू सावरतं. दुसरं कारण जंत. कुत्र्याचे गोल जंत आईच्या पोटातूनच वारेवाटे पिल्लात उतरतात, शिवाय दुधातूनही येतात. त्यामुळे जन्मानंतर दोन आठवड्यांपासूनच जंतांचं औषध सुरू करायची शिफारस आहे. पोट नगाऱ्यासारखं आणि बरगड्या मोजता येतील अशा, हे या पिल्लांचं ठरलेलं चित्र. अंकुशकृमी असतील तर ते आतड्याला चिकटून रक्त पितात. विष्ठा डांबरासारखी काळी होते आणि हिरड्या पांढऱ्या पडतात. गोचिडांतून येणारा तापही भूक मारतो. कधी आंब्याची कोय, हाडाचा तुकडा किंवा दोऱ्याचा गुंता आतड्यात अडकलेला असतो. कधी जोराच्या हगवणीत आतड्याचा एक भाग दुसऱ्यात दुर्बिणीच्या नळ्यांसारखा शिरतो. या शेवटच्या दोन्हींवर बहुधा शस्त्रक्रियेवाचून इलाज नसतो आणि तिथं जबरदस्तीने खाऊ घालणं घातक ठरतं.

सगळ्यांत मोठी भीती मात्र पार्व्होची. हा विषाणू कुत्र्यांच्या जगात तसा नवा आहे. मांजरांमधल्या अशाच एका विषाणूच्या कुळातून तो निपजला, १९७८मध्ये ओळखला गेला आणि थोड्याच काळात जगभर पसरला. भारतातही १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याची नोंद झाली. संसर्ग झाल्यावर साधारण तीन ते सात दिवसांत लक्षणं दिसतात. यात्रेहून आणलेलं पिल्लू चार-सहा दिवसांनी आजारी पडतं, त्याचा हिशेब इथं लागतो. आधी मलूलपणा आणि अन्नावरून तोंड फिरवणं, मग उलट्या, मग घाण वासाची, बहुधा रक्ताची हगवण.

हा विषाणू भराभर वाढणाऱ्या पेशींवर तुटून पडतो. आतड्याच्या आतल्या बाजूला गालिच्यासारखी बारीक लव असते. तिच्या पेशी दर काही दिवसांनी झडतात आणि मुळाशी नव्या तयार होतात. पार्व्हो ही मुळंच जाळतो. लव झडते, नवी उगवत नाही, अन्न-पाणी शोषलं जात नाही आणि आतड्यातले जीवाणू उघड्या जखमेतून रक्तात घुसतात. त्याच वेळी तो अस्थिमज्जेवरही हल्ला करत असल्याने लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी पडतात. मुळं सावरून लव पुन्हा उगवायला काही दिवस लागतातच. तेवढे दिवस पिल्लाला जिवंत ठेवणं, हाच उपचाराचा गाभा.

सहा ते बारा आठवड्यांच्या पिल्लांनाच हा आजार इतका का गाठतो? जन्मानंतरच्या पहिल्या दिवसात आईच्या चिकातून पिल्लाला तयार प्रतिपिंडं मिळतात. ती हळूहळू ओसरतात. मधला काही काळ असा येतो, की उरलेली प्रतिपिंडं रोग अडवायला अपुरी, पण लशीचा परिणाम मोडून काढायला पुरेशी असतात. कार्तिकात जन्मलेल्या पिल्लाचा हा उघडा काळ नेमका थंडीत, येळवशीत आणि यात्रेत येतो.

उपचाराबाबत एक जुनी समजूत पशुवैद्यकातही बरीच वर्षं टिकून होती. उलट्या-जुलाब असतील तर पोट रिकामं ठेवा, आतड्याला विश्रांती द्या. लंघनावर श्रद्धा असलेल्या आपल्या समाजाला हे पटण्यासारखंच होतं. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाजवळच्या ओंडरस्टेपूर्ट इथल्या पशुवैद्यकांनी २००३मध्ये ही समजूत तपासली. पार्व्हो झालेली ३० पिल्लं घेतली. पंधरांना उलट्या थांबेपर्यंत उपाशी ठेवलं. उरलेल्या पंधरांना दाखल केल्यानंतर १२ तासांनीच नाकातून घातलेल्या बारीक नळीने थोडं थोडं पातळ अन्न सुरू केलं. बाकी उपचार सारखेच. नळीने अन्न मिळालेली पिल्लं सरासरी एक दिवस आधी सावरली, त्यांची भूक लवकर परतली, वजन वाढलं आणि पंधराच्या पंधरा जगली. उपाशी ठेवलेल्यांपैकी तेरा जगली.

कारण आतड्याच्या अस्तराला त्याचं बरंचसं पोषण समोरून वाहणाऱ्या अन्नातूनच मिळतं. आतडं उपाशी ठेवलं की लव आणखी खुरटते. शिवाय पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा जेमतेम असतो. मोठ्या कुत्र्याला एक दिवसाचं लंघन सोसतं. दोन किलोचं पिल्लू तेवढ्यात साखर उतरून लटपटायला लागतं, झटके येतात, अंग गार पडतं. अशा वेळी हिरड्यांवर बोटाने ग्लुकोजचं पाणी किंवा मध चोळून लगेच दवाखाना गाठावा लागतो.

नळीने दोन-चार मिलिलीटर देणं वेगळं आणि जबडा उघडून वाटीभर दूध ओतणं वेगळं, हे मात्र विसरता कामा नये. नळीचं काम डॉक्टरांचं, आणि तेही उलटीवर औषध देऊन. मॅरोपिटंट किंवा ऑन्डान्सेट्रॉनसारखी औषधं मळमळीचे संदेश अडवतात. अनेकदा भूक परतण्याची सुरुवात अशा इंजेक्शनने होते, टॉनिकने नव्हे. भूक वाढवणारी औषधंही आता आहेत. जपानी संशोधकांनी १९९९मध्ये घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक शोधलं. त्याची नक्कल करणाऱ्या कॅप्रोमोरेलिन या औषधाला २०१६मध्ये अमेरिकेत खास कुत्र्यांसाठी मान्यता मिळाली. पण आतड्यात कोय अडकलेली असताना भूक वाढवून काय साधणार?

घरी करण्यासारखं बरंच उरतं. पहिलं पाणी. पिल्लाच्या अंगात पाण्याचं प्रमाण मोठ्या कुत्र्यापेक्षा जास्त असतं आणि ते पटकन निघून जातं. हिरडीला बोट लावून पाहावं. ओली-गुळगुळीत असेल तर ठीक, चिकट लागली तर पाणी कमी झालंय. हिरडी दाबून सोडली की गुलाबी रंग दोन सेकंदांच्या आत परतायला हवा. खांद्यावरची कातडी चिमटीत उचलून सोडली आणि ती तंबूसारखी उभीच राहिली तर उशीर झालेला असतो. शिडशिडीत कारवानी पिल्लात ही कातडीची खूण फसवते, म्हणून हिरडीच पाहिलेली बरी.

उलटी थांबलेली असेल आणि पिल्लू गिळत असेल, तर डॉक्टरांना विचारून जलसंजीवनी देता येते. मीठ आणि साखर ठरावीक प्रमाणात एकत्र आली की आतडं दोघांना मिळून आत ओढतं आणि मागोमाग पाणी जातं. १९७१मध्ये बांगलादेशाच्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला, तेव्हा बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर हजारो जीव वाचवले. जलसंजीवनीची एक लिटरची पुडी एक लिटर पाण्यातच कालवायची. घट्ट केली तर उलट जुलाब वाढतात. दर दहा-पंधरा मिनिटांनी चमचाभर पुरे. सुई काढलेल्या सिरिंजने पाजायचं तर गालाच्या बाजूने, थेंबाथेंबाने. सरळ घशात सोडलेलं पाणी फुफ्फुसात गेलं की नवा आजार उभा राहतो.

दुसरी ऊब. कुत्र्याच्या अंगाचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. जंगलाला लागून असलेल्या किनवटमध्ये पौषातल्या पहाटा चांगल्याच गारठतात. गार पडलेल्या पिल्लाचं आतडं हलत नाही, मग आत गेलेलं अन्न तसंच कुजतं. पोत्यावर वाकळ, वाकळीत कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली आणि बाजूला सरकायला थोडी जागा एवढं पुरतं.

आणि मग अन्न. बिनमिठाचा गुरगुट्या भात आणि त्यात उकडून कुस्करलेलं बिनहाडाचं कोंबडीचं मांस. साधारण तीन वाटे भात, एक वाटा मांस. घरात मांस शिजत नसेल तर उकडलेलं अंडं किंवा चमचाभर ताजं दही. तेल, तूप, हळद, तिखट, कांदा, लसूण काहीही नको. तुपाने पोट उशिरा रिकामं होतं आणि उलटी परत येते. कांदा-लसूण तर कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. अन्न कोमट असावं, म्हणजे वास दरवळतो आणि पाव्हलॉव्हने दाखवलेलं चक्र सुरू होतं. नाक शेंबडाने बंद असेल तर ते आधी ओल्या फडक्याने पुसावं. वास आलाच नाही तर कुत्रं खात नाही.

प्रमाणात मात्र हात आखडता हवा. तीन किलोच्या पिल्लाला आराम करताना दिवसाला सुमारे १६० कॅलरी लागतात. पहिल्या दिवशी त्याचा पाव हिस्सा, म्हणजे ४० कॅलरी. हे झालं जेमतेम ३० ग्रॅम भात-मांस. तेही सहा वेळा विभागून. दर खेपेला एक छोटा चमचा! आजीला हे बघवत नाही, पण आतड्याला तेवढंच झेपतं. टिकलं तर दुसऱ्या दिवशी दुप्पट. समोर ठेवून दहा-पंधरा मिनिटांत खाल्लं नाही तर थाळी उचलायची, दिवसभर नाकासमोर ठेवायची नाही. तीन-चार दिवसांनी विष्ठा घट्ट झाली की नेहमीचं अन्न थोडं थोडं मिसळत जायचं. नुसत्या भात-मांसावर वाढत्या हाडांना लागणारं कॅल्शियम मिळत नाही, म्हणून हा पाहुणचार आठवड्यापलीकडे लांबवू नये.

दुधाचं काय? कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधापेक्षा प्रथिनं आणि स्निग्धांश जवळपास दुप्पट, तर दुधातली साखर कमी. ती साखर पचवणारं विकर आतड्याच्या त्याच लवेच्या टोकाला असतं, जी हगवणीत झडलेली असते. म्हणून आजारी पिल्लाला गाईचं दूध म्हणजे जुलाबावर जुलाब. दह्यात ही साखर बरीच आंबून गेलेली असते, त्यामुळे ते थोडं चालतं. भाकरीची मात्र नाहक बदनामी होते. कुत्रा मांसाहारी, त्याला भाकरी कशी पचेल, असं शहरात म्हटलं जातं. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३मध्ये दाखवलं, की पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यात चार ते तीस. माणसाच्या उंबऱ्यावर राहून त्याच्या घासावर वाढलेल्या प्राण्याची ही कमाई आहे. बरं झालेलं पिल्लू ज्वारीची भाकरी खुशाल खातं. फक्त आजारात ती जड पडते.

माणसांच्या गोळ्या देऊ नयेत. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन कुत्र्याला विषारी ठरू शकतात, जुलाब थांबवणारी गोळी विष आतच कोंडते. आणखी एक सावधगिरी माणसाच्या जिवाशी निगडित आहे. पिल्लू खात नाही, लाळ गळते, आवाज बदललाय, घशात काही अडकल्यासारखं करतं, अशी लक्षणं पिसाळण्याचीही असू शकतात. अशा तोंडात हात घालू नये. दात लागला किंवा लाळ जखमेवर पडली, तर साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवून त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्यावी.

किनवटसारख्या टोकाच्या तालुक्यात खरी अडचण अंतराची. परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९७२चं, उदगीरचं १९८७चं. दोन्ही मराठवाड्याचे आधार, पण रात्री दहाला ओकणारं पिल्लू घेऊन तिथं पोहोचणं सोपं नाही. इथं अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्य विद्यापीठाचा एक अभ्यास धीर देतो. तिथं पार्व्होच्या ४० पिल्लांना आधी शिरेतून द्रव देऊन सावरलं. मग निम्म्यांवर दवाखान्यातले पूर्ण उपचार झाले. उरलेल्यांना घरी राहूनही देता येतील असेच उपचार मिळाले: कातडीखाली सलाइन, उलटीचं इंजेक्शन, लांब पल्ल्याचं एक प्रतिजैविक. पहिल्या गटातली २०पैकी १८ जगली, दुसऱ्यातली १६. उपचारच झाले नाहीत तर बहुतेक पिल्लं दगावतात. म्हणजे गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात वेळेवर नेऊन रोजचं सलाइन लावून आणणं हासुद्धा मोठा आधार आहे. त्यासाठी थांबायचं किती, तेही ठरलेलं असावं. चार महिन्यांच्या आतलं पिल्लू बारा तास काही खात नसेल, दोनहून अधिक उलट्या झाल्या, विष्ठेत रक्त दिसलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या किंवा पोट फुगून कडक झालं, तर घरगुती उपाय तिथंच थांबवावेत.

पिल्लू वाचो वा न वाचो, विषाणू अंगणात राहतो. ओलसर सावलीत महिनोन् महिने, वर्षभरसुद्धा. फिनेलवर भरवसा ठेवता येत नाही. आधी घाण खरवडून, धुऊन, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी दहा मिनिटं ठेवलं तर फरशी शुद्ध होते. सारवलेल्या अंगणात मात्र ब्लीच शेणामातीतच वाया जातं. तिथं वरची माती काढून ऊन लागू देणं आणि लस न टोचलेलं नवं पिल्लू वर्षभर न आणणं, एवढंच हाती राहतं. बरं झालेलं पिल्लूही दोन-तीन आठवडे विष्ठेतून विषाणू टाकत असतं, त्याला गल्लीतल्या भावंडांपासून दूर ठेवावं.

पार्व्होची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची झाल्यावर, पुढे दर तीन-चार आठवड्यांनी, आणि शेवटची सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर. एकाच टोच्यावर काम भागत नाही, कारण आईची प्रतिपिंडं नेमकी कधी ओसरली ते बाहेरून कळत नाही. कार्तिकात घरी पिल्लं झाली असतील, तर शेवटचा टोचा माघ-फाल्गुनात पडेल. तोवर त्यांना माळेगावला नेऊ नका.